कानाची तालीम आणि कागदावरचे स्वर

नाझरा आणि हिफ्ज हे दोन शब्द आपल्या घराघरांत परिचयाचे आहेत. मूल मक्तबात जाऊ लागले की प्रथम कायदा हाती घेते, अक्षरे ओळखते, मग पाहून वाचू लागते. तो नाझरा. पुढे ज्याच्या नशिबी असेल तो पाठ करतो, ते हिफ्ज. परंतु या दोहोंच्या मुळाशी तिसरी एक गोष्ट आहे, तिला आपण वेगळे नाव देत नाही. उस्ताद आपल्या तोंडाने म्हणून दाखवितात आणि मूल ऐकते. अलिफ आणि ऐन यांतील फरक डोळ्यांना कागदावर दिसतो. परंतु तो गळ्यातून निघावा यासाठी आधी कानाला कळावा लागतो. मद किती लांबवावयाची याची खूण छापलेली असते, तरी नुसती खूण पाहून ती कोणाला साधल्याचे ऐकिवात नाही.

संगीत शिकावयास निघालेल्या नवख्या विद्यार्थ्यापुढेही नेमका हाच प्रश्न उभा असतो. ऐकलेला स्वर ओळखता येणे ही कानाची तालीम, आणि लिहिलेला स्वर पाहून तो गळ्याने काढता येणे हा, म्हटले तर, संगीतातला नाझरा. पाश्चात्त्य संगीतशाळांत हे दोन स्वतंत्र विषय म्हणून शिकवितात. आपल्याकडे ते कसे आले, कोणी आणले आणि त्यात आपल्या लोकांचा वाटा काय, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

आरंभीच एक खुलासा करणे आवश्यक वाटते. तिलावत म्हणजे गायन नव्हे. वरील तुलना केवळ शिकण्याच्या रीतीपुरती आहे. गाण्याबजावण्याविषयी आपल्या बुजुर्गांत मतभेद आहेत, ते या चार पानांत मिटविण्याचा आव मी आणणार नाही. लेख इतिहासाचा आहे. आणि इतिहास म्हणून पाहिले तर एक आरोप वारंवार कानी येतो, की मुसलमान उस्तादांनी विद्या दडवून ठेवली, ती कागदावर येऊ दिली नाही, म्हणून सामान्य घरच्या मुलांना संगीत मिळाले नाही. हा आरोप अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा भाग फारसा कोणी सांगत नाही.

प्रथम खरा भाग सांगतो. एकोणिसाव्या शतकात घराण्याबाहेरच्या मुलाला गाणे शिकावयाचे म्हणजे बहुधा चोरूनच ऐकावे लागे. घराण्यातल्यांनाही दुसऱ्या घराण्याची चीज अशीच मिळवावी लागे. ग्वाल्हेरचे हद्दू खाँ आणि हस्सू खाँ हे बंधू ख्याल गायकीचे आधारस्तंभ. त्यांच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, दरबारात बडे मुहंमद खाँ हे तानांसाठी नावाजलेले गवई होते. महाराज शिंद्यांनी या दोघा पोरांना पडद्याआड बसवून कित्येक महिने त्यांचे गाणे ऐकविले. एक दिवस पोरांनी ते सारे भर दरबारात गाऊन दाखविले आणि बडे मुहंमद खाँ संतापले. आख्यायिकेतील तपशील तिखटमीठ लावून आलेला असेल. पण त्यात शिकण्याची जी रीत दिसते ती खरी आहे. कागद नाही, प्रश्न विचारण्याची सोय नाही, पुन्हा म्हणून दाखवा अशी विनंती नाही. एकदा कानावर पडले ते धरले तर धरले.

उस्तादांची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. चीज ही त्यांची इस्टेट होती. ज्याच्यापाशी शेत नाही, पेढी नाही, त्याच्या मुलाबाळांची रोटी दोनशे-तीनशे चिजांवर चालत असे. सराफाने आपली तिजोरी रस्त्यावर उघडी ठेवावी असे आपण म्हणत नाही.

अशाच चोरून ऐकण्यातून एक माणूस पुढे आला आणि त्याने चोरून ऐकण्याची गरजच संपवावी असा उद्योग केला. त्याचे नाव मौलाबक्ष. जन्म इ. स. १८३३, गाव दिल्लीकडच्या मुलखातले. मूळ नाव चोले खाँ. तरुणपणी नाद कुस्तीचा. एका फकिराने गाणे ऐकून मौलाबक्ष हे नाव दिले, असे त्यांच्या घराण्यात सांगतात. गुजरातेत घसीट खाँ नावाचे बीनकार होते, ते कोणाला शिकवीत नसत. मौलाबक्षांनी त्यांच्या दरवानाशी दोस्ती केली आणि रात्री देवडीवर बसून घसीट खाँचा रियाज ऐकावयाचा, घरी जाऊन तो गळ्यावर चढवावयाचा, असा क्रम ठेवला. पुढे एकदा घसीट खाँनी आपलीच चीज परक्या गळ्यातून ऐकली आणि रागावण्याऐवजी शागीर्द म्हणून पदरी घेतले. ही हकीकत त्यांच्याच वंशजांनी सांगितलेली आहे. तेव्हा तीत कौतुकाचा अंश असणार, हे धरून चालावे.

पुढे मौलाबक्ष दक्षिणेत म्हैसूरला गेले. तेथील दरबारात त्यांना मोठा मान मिळाला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कर्नाटक संगीत त्यांनी जवळून पाहिले. दक्षिणेत नवशिक्याला पहिल्या दिवसापासून सरगमचे धडे क्रमाने देतात: सरळी, मग जंट म्हणजे दुहेरी स्वर, मग निरनिराळ्या तालांतले अलंकार. उत्तरेकडच्या माणसाला हा क्रम नवा होता. तिकडे शागीर्दाने आधी हुक्का भरावा, तंबोरा पुसावा, आणि उस्तादांची मर्जी झाली की एखादी अस्ताई मिळावी.

नंतर मौलाबक्ष बडोद्यास स्थिरावले. बडोदे गुजरातेत असले तरी दरबार मराठी, हे वाचकांना ठाऊक आहेच. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) हे शिक्षणाच्या बाबतीत दूरदृष्टीचे. इ. स. १८८६ मध्ये त्यांनी दरबारच्या खर्चाने गायनशाळा उघडली आणि ती मौलाबक्षांच्या हवाली केली. अनेक पुस्तकांत संगीताची पहिली शाळा म्हणून पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास काढलेल्या गांधर्व महाविद्यालयाचे नाव असते. पंडितजींची योग्यता मोठी, तीत उणे काढण्याचे कारण नाही. पण बडोद्याची गायनशाळा त्यापूर्वी पंधरा वर्षे चालू होती. बडोद्याच्याही आधी मुंबईत पारशांची गायन उत्तेजक मंडळी १८७० साली, कलकत्त्यास शौरींद्रमोहन टागोरांची शाळा १८७१ साली, आणि पुण्यात गायन समाज १८७४ साली निघाला होता. तेव्हा 'पहिली' हा मान कोणाच्याही नावे लावताना सांभाळून लावावा. एवढे मात्र खरे, की आपल्या पश्चिम भागात राज्याच्या तिजोरीतून चालणारी, वर्ग, वेळापत्रक आणि छापील पुस्तके असलेली संगीतशाळा प्रथम एका मुसलमान उस्तादाने चालविली.

शाळा म्हटली की उस्तादांपुढे एक अडचण उभी राहते. एका शागीर्दाला समोर बसवून दहा वर्षे तालीम देणे निराळे आणि वीस-पंचवीस मुले एका खोलीत आली असता त्यांना एक तासात एक धडा देणे निराळे. मुलगा घरी गेल्यावर धडा विसरणार. दुसऱ्या दिवशी पंचवीस जणांना पुन्हा पहिल्यापासून सांगणे शक्य नाही. म्हणून मौलाबक्षांनी स्वरलेखनाची पद्धत बसविली. सा, रे, ग ही आपलीच अक्षरे; सप्तक आणि मात्रा दाखविण्यासाठी खुणा. या पद्धतीने लिहिलेली क्रमिक पुस्तके त्यांनी तयार केली. गळ्यातली चीज अक्षरांत उतरली आणि दरबारी गवयाचा मुलगा नसलेल्या मुलालाही ती पाहून म्हणता येऊ लागली. ज्याने स्वतः देवडीवर बसून विद्या मिळविली त्याने दरवाजा उघडा ठेवला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

मौलाबक्ष १८९६ साली वारले. त्यांचे पुत्र अल्लाउद्दीन खाँ यांना लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकण्याची संधी मिळाली. नातू इनायत खाँ (जन्म १८८२) याच वातावरणात वाढले, त्यांनीही संगीत शिकविणारी पुस्तके तयार केली, आणि सप्टेंबर १९१० मध्ये भाऊबंदांना घेऊन अमेरिकेस गेले. तेच पुढे सूफी संत हजरत इनायत खाँ म्हणून युरोप-अमेरिकेत प्रसिद्धीस आले. त्यांची कन्या नूर इनायत खाँ हिने पॅरिसला संगीताचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात तिने इंग्रजांच्या बाजूने शत्रूच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये बिनतारी संदेश पाठविण्याचे काम पत्करले. हेही कानाचेच काम: लहान-मोठ्या टकटकीतून शब्द ओळखावयाचे. १३ सप्टेंबर १९४४ रोजी नाझींनी तिला डाखाऊच्या छावणीत ठार केले. विषयाला सोडून हे थोडे झाले, पण मौलाबक्षांची ही पणती आपल्या मुलींना माहीत असावी म्हणून सांगितले.

बडोद्याच्या त्या शाळेचे काय झाले असे कोणी विचारील. ती टिकली. पुढे ती महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात सामील झाली आणि तेथील ललित प्रयोगकलांची विद्याशाखा आपला आरंभ १८८६ पासूनच मोजते. मौलाबक्षांची स्वरलिपी मात्र मागे पडली. तिची जागा पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या आणि पलुस्करांच्या लिप्यांनी घेतली. भातखंडे (१८६०–१९३६) हे पेशाने वकील. त्यांनी हिंदुस्थानभर फिरून शेकडो चिजा गोळा केल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' या नावाने मराठीत सहा भागांत छापल्या. त्यातील कितीतरी चिजा मुसलमान घराण्यांच्या. जयपूरच्या आशक अली खाँनी दिल्या, रामपूरच्या दरबारातून मिळाल्या. म्हणजे तिजोरी उघडणारे उस्ताद एकटे मौलाबक्ष नव्हते. ज्यांनी दिले त्यांची नावे लोक विसरले, ज्यांनी दिले नाही त्यांच्या गोष्टी राहिल्या. जगाची रीत अशीच आहे.

पाहून गाण्याची सवय ज्यांना खरोखर गावपातळीवर लागली ते मात्र गोव्याचे ख्रिस्ती लोक. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळेतील मेस्त गावच्या मुलांना सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर पाहून म्हणणे, लहानपणीच शिकवीत. त्याचे फळ मुंबईच्या सिनेमासृष्टीत दिसले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारखे गोवेकर संगीतकारांच्या चाली पाश्चात्त्य पद्धतीने लिहून काढीत, आणि वाद्यवृंदातील पन्नास माणसे समोरचा कागद पाहून एका वेळी वाजवीत. एका गावातल्या चर्चच्या शाळेने किती घरांची चूल पेटविली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

येथवर वाचून एखाद्याला वाटेल की मग कागद आला म्हणजे सगळे साधले. तसे नाही.

भीमसेन जोशी आपल्या गुरूंविषयी, म्हणजे सवाई गंधर्वांविषयी, सांगत की त्यांनी आधी तोडी, मुलतानी आणि पुरिया एवढ्याच रागांवर मेहनत करविली. तोडी आणि मुलतानी हे दोन राग स्वरलिपीत लिहून पाहा. दोहोंत रिषभ, गंधार, धैवत कोमल, मध्यम तीव्र, निषाद शुद्ध. चिन्हे तीच. फक्त कागद पाहून गाणारा विद्यार्थी दोहोंचा गंधार एकच लावील. पण तोडीचा गंधार थोडा उतरलेला असतो आणि मुलतानीचा किंचित चढा, मध्यमाकडे झुकणारा. हा फरक दाखविणारे चिन्ह कोणत्याही लिपीत नाही. तो कानाने धरावा लागतो. मग चलन येते, ठहराव येतो. एवढ्यासाठीच उस्ताद लोक कागदाला भीत असत, असे मला वाटते. लिहिलेली चीज वाचून कोणीतरी भलतेच गाईल आणि आपले नाव सांगेल ही भीती अगदीच खोटी नव्हती.

कान तयार करण्याचे आपले साधन म्हणजे तंबोरा. त्याच्या चार तारा: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, शेवटची खर्जाची. घोडीवर तारेखाली बारीक सूत सरकवून जवारी लावतात. जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून कोणी न छेडता गंधार ऐकू येतो. नवख्याला तो पहिल्या दिवशी ऐकू येत नाही. कित्येकांना महिना लागतो. ज्या दिवशी ऐकू आला त्या दिवसापासून त्याचे शिक्षण सुरू झाले म्हणावयास हरकत नाही. कारण हा गंधार कोणी मनाने ठरविलेला नाही, तारेनेच तो दिला आहे. षड्जाची सेकंदाला २४० कंपने धरली तर पंचमाची ३६० आणि हा गंधार ३००. पेटीचे मात्र सर्व स्वर समान अंतरांनी लावलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार ३०२ च्या थोडा वर जातो. दोन कंपनांचा फरक म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण तंबोरा आणि पेटी एकदम वाजवून पाहा, कानात काहीतरी खुपू लागते. याच कारणाचा आधार घेऊन १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली, आणि ती १९७१ पर्यंत टिकली. मला ती बंदी अतिरेकाची वाटते. गरीब विद्यार्थ्याला तंबोरा परवडत नाही, पेटी चारजणांत वापरता येते. परंतु कारण खोटे नव्हते.

या सूक्ष्म स्वरांचा प्रत्यक्ष तपास ज्यांच्या गळ्यावर झाला ते खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. जन्म १८७२, गाव उत्तरेतले कैराना. कर्मभूमी मात्र सारी महाराष्ट्र-कर्नाटकात, मिरज हे घर. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त सरकारी अधिकारी बावीस श्रुतींचे गणित मांडीत होते. त्यांना गणित येत होते, पण ते ताडून पाहावयास खात्रीचा गळा हवा होता. तो खाँसाहेबांनी दिला. देवलांचे पुस्तक १९१० साली निघाले. इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांनीही या कामात लक्ष घातले. एक मराठी ब्राह्मण, एक इंग्रज आणि एक कैरान्याचा गवई, तिघे मिळून एका स्वराची उंची मोजीत बसले आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. शास्त्राच्या बाबतीत पुढे पुष्कळ वाद झाले, १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तर फारच. ते येथे नकोत.

याच खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालू केले. नाव पाहा आणि काढणाऱ्याचे नाव पाहा. त्या काळच्या माणसांना यात काही विचित्र वाटले नाही. गरीब मुलांना ठेवून घेऊन, जेवू घालून शिकवावयाचे, आणि खर्चासाठी विद्यार्थ्यांचे तिकीट लावून जलसे करावयाचे, असा त्यांचा खाक्या होता. शिकविण्याची रीत कानाची. पहाटे खर्जाचा रियाज, एकेक स्वर दमसास टिकेपर्यंत लावावयाचा, तो तंबोऱ्यात विरघळला तर पुढचा. तंबोरे खाँसाहेब स्वतः दुरुस्त करीत, हत्यारे जवळ बाळगीत. त्यांनी एका कुत्र्यालाही स्वरात आवाज लावावयास शिकविले होते असे सांगतात. आमच्या विद्यार्थ्यांनी यातून योग्य तो बोध घ्यावा.

खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडील प्रवासात सिंगापेरुमाळकोइल स्टेशनवर वारले. मिरजेस हजरत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि उरुसात त्यांच्या नावे संगीतसभा भरण्याची परंपरा आहे. त्याच मिरजेत शिकलगार कारागिरांनी, म्हणजे पूर्वी जे तलवारींना धार लावीत त्यांनी, एकोणिसाव्या शतकात सतारी व तंबोरे बनविण्याचा धंदा उभा केला. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळ्याला आकार देता येतो, पटाशी चालविता येते. पण जवारी काढणारा कारागीर कानाने काम करतो. त्याला सरगम लिहिता आली नाही तरी चालते, गंधार ऐकू आलाच पाहिजे.

मुंबईच्या भेंडीबाजारात छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या बंधूंनी निराळीच वाट धरली. त्यांच्या घराण्यात खंडमेरूवर भर असे. सा रे ग हे तीन स्वर घेतले तर ते सहा प्रकारे मांडता येतात, चार घेतले तर चोवीस, आणि सातही घेतले तर ५०४० प्रकारे. आमच्या गणिताच्या शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर करून दाखवावा. हे सारे प्रकार गळ्यातून गेले म्हणजे कोणताही स्वर कोणत्याही स्वरानंतर आला तरी विद्यार्थी अडखळत नाही. पाहून गाण्याची याहून पक्की तयारी दुसरी नसेल. छज्जू खाँचे पुत्र अमान अली खाँ यांनी सरगमला गाण्यात मानाचे स्थान दिले. लता मंगेशकरांनी सुरुवातीच्या दिवसांत त्यांच्याकडे तालीम घेतली होती.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० साली अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचा. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्या विद्यालयात त्यांचे पहिले शिक्षण झाले, आणि ही शाळा पलुस्करांच्या वळणाची, म्हणजे वर्ग आणि स्वरलिपी असलेली. लहानपणीच मामांकडे लाहोरास गेले असता त्यांना असद अली खाँ भेटले. या उस्तादांनी मुलाला महिनोन् महिने एकच राग सांगितला, मारवा. मारव्यात षड्जावर फारसे थांबत नाहीत; तंबोरा षड्ज देत असतो आणि गाणारा त्याला टाळून कोमल रिषभावर व धैवतावर उभा राहतो. ज्याचा कान कच्चा तो घसरून षड्जावर येतो. एवढ्या एका रागात सगळे आले असे उस्तादांचे म्हणणे होते. वसंतराव ही हकीकत आदराने सांगत.

त्याच वसंतरावांनी १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात खाँसाहेबांची भूमिका केली. नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे. त्यात एक तरुण खाँसाहेबांच्या घरी नोकर होऊन राहतो आणि चोरून गाणे शिकतो. नाटक उत्तम आहे, मीही ते आवडीने पाहिलेले आहे. पण ते पाहून घरी जाणाऱ्या माणसाच्या मनात उस्ताद म्हणजे विद्या कोंडून ठेवणारा, हीच मूर्ती राहते. देवडीवर चोरून ऐकणारा तरुण स्वतःच मुसलमान होता आणि त्याने पुढे शाळा काढून पुस्तके छापली, या हकीकतीवर कोणी नाटक लिहिले नाही.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शाळा झाल्या, परीक्षा झाल्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ १९३१ साली स्थापन झाले आणि त्याच्या परीक्षा आज गावोगावी होतात. पण त्या वर्गांत आपली मुले माझ्या पाहण्यात फार थोडी आहेत. ज्यांच्या घरी विद्या होती त्यांच्यातील अनेकांनी मुलांना इतर उद्योगास लावले. काहींनी धर्माच्या विचाराने सोडले, काहींनी पोटाच्या. वडिलांच्या गळ्यात असलेल्या चिजा वडिलांबरोबर गेल्या, कारण त्या कोठे लिहिलेल्या नव्हत्या. जेथे नुसता कान होता तेथे असे झाले.

करडीसारख्या गावातील मुलाला कान नाही असे मात्र कोणी म्हणू नये. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात, दंडार आणि खडी गंमत रात्र रात्र चालते. उरुसात कव्वाली होते, मिलादला नात म्हटल्या जातात. आठ वर्षांचे पोर एकदा ऐकलेली चाल दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी म्हणते. त्याला विचारा की ही चाल कोणत्या स्वरावर सुरू झाली, तर ते गप्प होते. भीमसेन जोशींनीही लहानपणी अब्दुल करीम खाँची झिंझोटीतील ठुमरीची तबकडी ऐकली आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. तबकडीने ओढ लावली, तालीम तिने दिली नाही.

ज्या पालकांना मुलामुलीस या वाटेला लावावयाचे आहे त्यांच्यासाठी इतिहासातून निघणारे दोन शब्द. आरंभी पुस्तक नको. मुलाचा आवाज ज्या पट्टीत सहज लागतो, पांढरी चार म्हणा, काळी एक म्हणा, ती एकदा जाणकाराकडून ठरवून घ्यावी. तंबोरा नसेल तर हल्ली मोबाईलमध्ये तंबोऱ्याचा आवाज मिळतो, तो लावून द्यावा. रोज पाव तास नुसता सा. मग सा आणि प. मग प धरून ठेवावयाचा आणि मनातल्या मनात सा ऐकावयाचा. तीन-चार महिन्यांनी मूल दुसऱ्याने म्हटलेला ग ओळखू लागले की स्वरलिपी हाती द्यावी, आणि नवा अलंकार आधी कोणी म्हणून न दाखविता पाहूनच म्हणावयास सांगावे. चुकेल, चुकू द्यावे. पेटीवर ताडून पाहावे, पण म्हणून झाल्यावर, आधी नव्हे.

पुस्तक विकत घेताना ते कोणत्या पद्धतीचे आहे हे तेवढे पाहावे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असले की तो तार सप्तकातला. पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्र सप्तकाचे. एका पद्धतीचे पुस्तक आणि दुसऱ्या पद्धतीचे मास्तर अशी गाठ पडली तर मूल वर जावयाचे तेथे खाली जाते आणि दोष मात्र त्याच्या गळ्यावर येतो.